ॲस्पर्गर म्हणजे ऑटिझमच का? एकत्र धरावं की वेगळं?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, विषय घरातलाच आहे.

मुलगा नववीत आहे. पहिलीत असताना एका मानसोपचारतज्ज्ञांनी 'ॲस्पर्गर सिंड्रोम' असं लिहून दिलं होतं. ते आम्ही हळूहळू पचवलं, शाळेत सांगितलं, सासूबाईंच्याही गळी उतरवलं. आता दहावीच्या सवलतींसाठी नव्याने तपासणी करून घेतली, तर रिपोर्टात ॲस्पर्गर कुठेच नाही. 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १' असं आहे. डॉक्टर म्हणाल्या, आता ते निदान राहिलंच नाही, सगळं ऑटिझममध्येच धरतात.

तेव्हापासून घरात धुसफूस चालू आहे. नवऱ्याचं म्हणणं, पोरगा वेळेत बोलला, गणितात पैकीच्या पैकी घेतो, याला ऑटिझम कुठून लावता? सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे आजार वाढला का गं?" मलाही धड उत्तर देता येईना. तुमचं काय मत? हे दोन्ही एकाच खात्यात टाकणं बरोबर आहे का?

खडूस काका
आमच्या वर्गात अशी चार पोरं होती. एकाला 'रेडिओ' म्हणायचो, एकाला 'पोथी'. कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. रेडिओ बँकेतून मॅनेजर होऊन रिटायर झाला. आता उठसूट लेबलं. तुमच्या मिस्टरांशी सहमत.

निफाडची थंडी
काका, उरलेल्या तिघांचं काय झालं?

खडूस काका
कल्पना नाही. पोथीने शाळा मध्येच सोडली होती.

निफाडची थंडी
बरं.

शिरीषफूल
मी विशेष शिक्षिका आहे, इंदिरानगरला शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल. सांभाळून घ्या.

ॲस्पर्गर हे अधिकृत निदान फार जुनं नाही. लोर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी १९८१ साली ते नाव रूढ केलं. त्यांच्या स्वतःच्या मुलीला ऑटिझम होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या यादीत आणि १९९४ साली अमेरिकेच्या डीएसएम-४ या मानसोपचाराच्या निदानपुस्तकात ते वेगळं निदान म्हणून आलं. वेगळेपणाची खूण काय, तर दोन वर्षांपर्यंत सुटे शब्द, तीनपर्यंत छोटी वाक्यं, आणि बुद्धीची वाढ मागे नाही. बाकी सगळं, म्हणजे लोकांत मिसळताना होणारी अडचण, ठरावीक विषयांचा ध्यास, तेच ते करणं, दोन्हींत तेच.

आता अडचण बघा. मूल दहा-बारा वर्षांचं झाल्यावर आईला विचारायचं, 'पहिलं वाक्य कधी बोलला?' आणि तिच्या आठवणीवर निदान ठरवायचं. उशिरा बोललेलं एखादं मूल बाराव्या वर्षी घडाघडा बोलतं, तेव्हा समोर बसलेल्या दोन मुलांत कुठला कोण हे मलाही सांगता येत नाही. २०१२ साली कॅथरीन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी बारा विद्यापीठांच्या केंद्रांतली मुलं तपासून दाखवलं की मुलाला ॲस्पर्गर म्हणायचं की ऑटिझम, हे मुलाच्या लक्षणांपेक्षा तो कुठल्या केंद्रात गेला यावरूनच जास्त ठरत होतं. मग २०१३ च्या डीएसएम-५ ने सगळं एका छत्राखाली आणलं आणि आधाराची गरज किती त्यावरून तीन लेव्हल केल्या. आयसीडी-११ मध्येही छत्र एकच, फक्त या तीन लेव्हल तिथे नाहीत; ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे.

तेव्हा आजींना सांगा, आजार वाढलेला नाही. मुळात तो ताप-खोकल्यासारखा आजारच नाही. नातू होता तसाच आहे, वर्गवारी बदलली.

झणझणीत
म्हणजे रस्सा काळा असो की लाल, बिल मिसळीचंच.

निफाडची थंडी
पण तिखट किती ते वेटर विचारतो की नाही? त्या लेव्हली.

झणझणीत
आणि लेव्हल तीन मागवून लोक नंतर दही मागतात.

सातपूरकर
इथे मिसळ चालली आहे तर मीही बसतो, पण माझं बोलणं कडू लागेल.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. बोलत नाही. पाणी हवं असेल तर माझं मनगट धरते, फ्रिजपाशी नेते आणि माझा हात हँडलवर ठेवते. स्वतःच्या हाताने उघडत नाही. रात्री दाराला आतून वरची कडी लावूनच झोपावं लागतं, कारण एकदा ती पहाटे निघून एबीबी सर्कलपर्यंत गेली होती. आम्ही दोघं नवराबायको एकत्र लग्नाला जाऊ शकत नाही, एकाला घरी थांबावंच लागतं.

आता मी कुठे 'मुलीला ऑटिझम आहे' म्हटलं की लोक म्हणतात, 'हो हो, आमच्या भाच्यालाही आहे, आयआयटीत आहे तो.' शिरीषफूलताई, तुमचा अभ्यास खरा असेल. पण एकच शब्द एवढा ताणला की माझी पोर त्यात दिसेनाशी झाली. २ एप्रिलला ऑटिझम दिनाचे कार्यक्रम होतात, स्टेजवर कोण बोलतं? बोलू शकणाराच ना. तेव्हा माझं मत, वेगळं असायला हवं होतं. गोदाकाठच्या ताई, तुमच्यावर राग नाही.

गोदाकाठची
राग कसला दादा. उलट तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

टॉलरन्स
मी अंबडला एका कारखान्यात डिझाइनला आहे. २०११ साली पुण्यात मला ॲस्पर्गरचं निदान झालं, तेव्हा वय सत्तावीस. म्हणजे नाव रद्द व्हायच्या आधीचा माल.

मला ते नाव हवं आहे. त्या नावामुळे पहिल्यांदा कळलं की मी उद्धट नाही, आळशी नाही. रंगपंचमीला सगळं जुनं नाशिक रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उड्या मारायला जातं आणि मी गंगापूर रोडच्या फ्लॅटची खिडकी बंद करून कानात बोळे घालून बसतो, यामागे काही कारण आहे. इतकी वर्षं ते नाव वागवलं, आणि कुणीतरी परदेशातल्या कमिटीत बसून ते काढून टाकलं. कंपनीत एचआरला 'ऑटिझम' सांगितलं असतं तर मला क्लायंटसमोर कधीच बसवलं नसतं. ॲस्पर्गर म्हटल्यावर म्हणाले, 'ओह, जीनियसवालं!' तेही चूकच आहे, पण निदान नोकरी राहिली.

वाचनमात्र
इलॉन मस्कलाही आहे ना? २०२१ ला टीव्हीवर स्वतःच सांगितलं होतं.

निफाडची थंडी
हो, सांगितलं. मस्कच्या आईला मात्र दिव्यांग प्रमाणपत्रासाठी केसपेपर काढून रांगेत उभं राहावं लागलं नसावं.

मैना
टॉलरन्स, पूर्ण आदर राखून असहमत. मला निदान पस्तिशीनंतर झालं, थेट 'ऑटिझम स्पेक्ट्रम'. तुम्ही जे सांगताय ना, 'जीनियसवालं' म्हटलं म्हणून नोकरी राहिली, तोच तर घोळ आहे. ते नाव म्हणजे बरे ऑटिस्टिक आणि बाकीचे अशी पंगत लावणं झालं. आम्ही वरच्या पंगतीला.

आणि लेव्हल १ ला लोक 'सौम्य' म्हणतात. सौम्य म्हणजे समोरच्याला सौम्य. मी दिवसभर बँकेत लोकांच्या डोळ्यात बघून हसते, आणि घरी आल्यावर अंधार करून तासभर जमिनीवर पडून राहते. नवऱ्याला ते दिसतं, ग्राहकांना नाही. मुलींचं तर निदानच होत नव्हतं, कारण आम्ही लहानपणापासून बाकीच्यांची नक्कल करायला शिकतो.

बाय द वे, ज्यांच्या नावाने ते होतं त्या हान्स ॲस्पर्गरबद्दल वाचलंय का कुणी? १९४४ साली व्हिएन्नात त्यांनी प्रबंध लिहिला, तेव्हा तिथे नाझी राज्य होतं.

चांदवडकर वकील
वाचलंय. हेरविग चेक या इतिहासकाराने २०१८ साली जुनी कागदपत्रं काढून लेख लिहिला. ॲस्पर्गर यांनी काही मुलांना 'आम श्पिगेलग्रुंड' या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती, आणि तिथे अपंग मुलांना मारलं जायचं. आधी त्यांची ख्याती मुलांना वाचवणारा डॉक्टर अशी होती.

खडूस काका
अच्छा, म्हणून नाव काढलं तर.

चांदवडकर वकील
नाही काका, तारखा बघा. नाव २०१३ ला गेलं, हा लेख २०१८ चा. नाव गेलं ते शिरीषफूल यांनी सांगितलेल्या कारणाने. इतिहास नंतर चिकटला. आता बरेच जण या कारणासाठी नाव टाळतात, ती गोष्ट वेगळी.

मैना
+१. आणि ॲस्पर्गरच्याही आधी, १९२५ च्या सुमाराला मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा नावाच्या डॉक्टरबाईंनी अशाच मुलांचं सविस्तर वर्णन केलं होतं. त्यांचं नाव कुठल्याच सिंड्रोमला लागलं नाही. बाईमाणूस.

एक आत्या
विषय गंभीर आहे कळतंय, पण कुणी मनातलं विचारत नाही म्हणून मीच विचारते. उद्या लग्नाच्या बायोडेटात काय लिहायचं? ॲस्पर्गर लिहिलं तर किमान समोरच्याला काही कळत नाही.

टॉलरन्स
आत्या, मी लिहिलं होतं. एका स्थळाने विचारलं, ही कुठल्या युनिव्हर्सिटीची डिग्री?

झणझणीत
=)) =))

एक आत्या
मग जमलं का?

टॉलरन्स
तिथे नाही. दुसरीकडे जमलं, तिला आधी सगळं सांगून. ती म्हणाली, 'जे मनात असेल ते सरळ बोलतोस ना, मग चालेल.' आता रोज म्हणते, 'इतकं सरळ नको रे.'

वाचनमात्र
गोदाकाठच्या ताई, मुलाबद्दल थोडं सांगाल का? माझा पुतण्याही असाच वाटतो, म्हणून विचारतेय.

गोदाकाठची
सांगते की. सध्या धरण. पावसाळा लागला की गंगापूर धरणातून विसर्ग किती क्युसेकने चालू आहे, ते एका लांब वहीत. रकाने आखलेले : वेळ, क्युसेक, होळकर पुलाखालचं पाणी, आणि शेवटचा रकाना गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीचा, म्हणजे मूर्ती कुठवर बुडली त्याचा. त्यात फक्त गुडघा, कंबर, छाती, गळा असे चारच शब्द लिहायची परवानगी आहे. मी एकदा 'मांडीपर्यंत' लिहिलं तर पान फाडून नव्याने सगळं उतरवलं. २००८, २०१६, २०१९ चे पूर तोंडपाठ, त्यातला पहिला तर त्याच्या जन्माआधीचा. घरी पाहुणे आले की पाणी द्यायच्या आधी विचारतो, "तुमचं घर निळ्या पूररेषेत आहे की लाल?"

आणि दुसरी बाजू. वर्गात दोन मुलांनी सांगितलं, 'आपण मित्र ना, मग डबा दे.' हा महिनाभर उपाशी राहिला. त्याला ते फसवणं कळलंच नाही. निबंधात 'मी नदी बोलतेय' आलं तर कोरा पेपर देऊन आला, म्हणाला नदी बोलत नाही. गणितात शंभर घेणारा आणि कोरा निबंध देणारा, मुलगा एकच. नवऱ्याला फक्त पहिला दिसतो, असं मी त्याला परवा सुनावलं.

खडूस काका
पोराला पाटबंधारे खात्यात लावा. तिथे आकडे वेळेवर देणारा एक तरी माणूस होईल.

आणि त्या डब्याचं वाचून वाईट वाटलं. पोथीचा डबाही आम्हीच खायचो.

शिरीषफूल
काका, हे लिहिलंत, बरं वाटलं.

सातपूरकर यांच्या मुद्द्याकडे परत येते, कारण तो महत्त्वाचा आहे आणि आम्ही शिक्षक तो टाळतो. तुमच्यासारखं म्हणणारे पालक जगभर आहेत. २०२१ साली लॅन्सेटने नेमलेल्या आयोगाने 'प्रोफाउंड ऑटिझम' अशी वेगळी संज्ञा सुचवली. आठ वर्षांवरची जी मुलं जवळजवळ बोलत नाहीत किंवा ज्यांची बौद्धिक क्षमता फारच कमी आहे, ज्यांना चोवीस तास मोठं माणूस जवळ लागतं, त्यांच्यासाठी. हे निदान नाही, मदत ठरवताना ही मुलं विसरली जाऊ नयेत म्हणून केलेली सोय. यावरही भांडणं आहेत. बऱ्याच ऑटिस्टिक प्रौढांना ती पुन्हा तीच पंगत वाटते. माझं मत विचाराल तर वरच्या टोकाला वेगळं नाव देऊन काढण्यापेक्षा, ज्याला सगळ्यांत जास्त लागतं त्याला नावानिशी पुढे आणणं मला पटतं.

मैना
मला तेवढंही पटत नाही, पण सातपूरकरांच्या घरी रात्री कडी लावायला मी जात नाही, म्हणून गप्प बसते.

सातपूरकर
गप्प बसू नका. तुम्ही बोलता म्हणून मला अंदाज येतो, माझी पोर बोलली असती तर काय म्हणाली असती. मिक्सर लावला की ती डोकं आपटते. तुम्ही 'अंधार करून पडते' लिहिलंत ते वाचून मी बायकोला दाखवलं. आम्ही मिक्सर आता बाल्कनीत नेणार आहोत.

नाव वेगळं हवं, हे मत कायम.

चांदवडकर वकील
आता कायद्याचं बोलू, त्यावाचून दहावी होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत, त्यात 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' आहे. ॲस्पर्गर हा शब्द त्या यादीत नाही. म्हणजे ताईंच्या मुलाचा जुना रिपोर्ट घेऊन कुणी खिडकीवर गेलं तर यादीत नाव सापडणार नाही. नव्या रिपोर्टाने दार उघडतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातही ऑटिझम आहे, त्याखाली निरामय आरोग्य विमा मिळतो, वर्षाला एक लाखापर्यंत. तेव्हा मिस्टरांना सांगा, तात्त्विक भांडण दिवाळीनंतर करू, कागद आधी करून घेऊ.

शिरीषफूल
फक्त एक खाचखळगा. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली आलं तर ऑटिझम धरत नाहीत, आणि ४० टक्के दिव्यांगत्वाशिवाय बहुतेक लाभ मिळत नाहीत. त्यातले बरेच प्रश्न सातपूरकरांच्या मुलीसारख्या मुलांना चपखल बसतात. छान बोलणारी, हुशार मुलं ७० च्या आसपास लटकतात, हे मी पाहिलंय. त्यामुळे जाताना 'आमचा बाळ सगळं करतो' असं अभिमानाने सांगू नका. डब्याचा किस्सा सांगा, कोऱ्या निबंधाचा सांगा. शाळेकडून लेखी निरीक्षणं घ्या.

टॉलरन्स
हेच तर म्हणतो मी! पुस्तकात एकत्र केलं, पण मोजपट्टी अजून जुन्याच ऑटिझमची. मग आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? ना जुनं नाव, ना नवं प्रमाणपत्र.

चांदवडकर वकील
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

मैना
टॉलरन्स, पहिल्यांदाच आपलं एकमत. मोजपट्टी बदला म्हणू या, नाव परत आणा नको.

टॉलरन्स
अर्धं एकमत.

वाचनमात्र
अवांतर : डॉक्टरांनी ॲस्पर्गर लिहिलेले जुने रिपोर्ट मग रद्दी का?

शिरीषफूल
मुळीच नाही. डीएसएम-५ मध्येच लिहिलंय की ज्यांचं ॲस्पर्गरचं निदान आधी पक्कं झालेलं आहे, त्यांना ऑटिझम स्पेक्ट्रमचं निदान द्यावं. जुना रिपोर्ट लहानपणापासूनचा पुरावा म्हणून फार कामाचा असतो. लॅमिनेट मात्र करू नका, शिक्के मारायला त्रास होतो.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. काल नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. त्याने सगळा वाचला, आणि एवढंच म्हणाला की सातपूरकरांशी तो सहमत आहे, पण अर्ज भरू. माझं स्वतःचं मत असं होतंय की रिपोर्टावर ऑटिझमच असू दे, आणि खाली त्याला नेमकं काय लागतं ते मराठीत, एकेक ओळीत लिहून शाळेला द्यावं. लेव्हल १ वाचून कुठल्या बाईंना कळणार आहे की याला 'जरा थांब' म्हटलं तर तो विचारतो किती मिनिटं?

मुलाला विचारलं, तुला काय वाटतं. म्हणाला, "दोन्ही नावं लांब आहेत. मला तासाला वीस मिनिटं जास्त मिळणार का?" मिळतील म्हटल्यावर लगेच हिशेब करून सांगितलं की तीन तासांच्या पेपरला चार तास होतात, मग मध्ये डबा खाता येईल का.

खडूस काका
रास्त प्रश्न आहे.

चांदवडकर वकील
डब्याचं केंद्रप्रमुखांना विचारावं लागेल. जादा वेळेसाठी अर्ज शाळेमार्फतच जातो, नववीतच तयारी सुरू करा, ऐनवेळी पळापळ नको. युडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून मग तपासणीची तारीख घ्या. आधार, फोटो, जुने-नवे दोन्ही रिपोर्ट, शाळेचं पत्र.

निबंधाचं काय करणार पण?

शिरीषफूल
आत्मकथनाऐवजी दुसरा पर्याय निवडायचा सराव करून घ्या. प्रसंगलेखन, बातमी लेखन. त्याच्याकडून पुराची बातमी लिहून घ्या, बघा कशी लिहितो ती.

नाशिकरोडची सून
मी नवीन सदस्य. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, नावाने हाक मारली तर बघत नाही. नाशिकरोड-देवळालीकडे चांगलं स्पीच थेरपिस्ट कुणाला माहीत आहे का? इथेच विचारलं तर चालेल का?

शिरीषफूल
चालेल, पण आधी बालरोगतज्ज्ञांना सांगून कानाची तपासणी करून घ्या, ती राहून जाते. बाकी मला व्यनि (खासगी निरोप) करा, आज रात्री सविस्तर लिहिते.